नाकतोड्याचं तोंड

धोंड्याच्या महिन्यात अनारसा तुपात हसला, म्हणजे पसरून विरून गेला, की गीताबाई कढईसमोरच डोळ्याला पदर लावत. यंदा एकही अनारसा हसला नाही. तेहेतीसच्या तेहेतीस जाळीदार, अंगावर खसखस घेऊन शिस्तीत ताटात बसले, आणि तिथंच गीताबाईंना शंका आली. एवढं सुरळीत त्यांच्या घरात काही होत नसतं. अनारशांनी हसं केलं नाही, म्हणजे आता माणसं करणार, असं त्यांनी मनाशी धरलं.

माणसं हजर होती. लेक संजीवनी आणि जावई भाऊराव मोताळ्याहून सकाळीच जीपनं आले होते. भाऊरावांचे पाय धुऊन झाले, टिळा झाला, आणि आता ते हॉलमधल्या दिवाणावर, कूलरच्या अगदी तोंडासमोर, अधिक महिन्यातल्या जावयानं बसावं तसे ऐसपैस बसले होते. बाहेर जळगाव जामोद तापलं होतं. रस्त्यावर कुत्रंसुद्धा नव्हतं. थोरल्या शेखरनं मोटारी रिवाइंडिंगचं दुकान बंद ठेवलं होतं, धाकटा राम शेतातून भेंडीची पाटी घेऊन आला होता, आणि रामची मुलगी समीक्षा, जी अमरावतीला चित्रकला शिकून आली होती, ती मांडीवर एक जाडजूड फाइल घेऊन बसली होती. कोपऱ्यात आरामखुर्चीत गीताबाईंचे यजमान शालिग्रामजी. त्यांचं वय झालं तसं त्यांना खरं बोलायची सवय जडली होती, त्यामुळे गीताबाईंनी त्यांच्या हाताशी वेगळी अनारशांची बशी ठेवली होती. म्हाताऱ्यानं तोंड उघडलं की त्यात एक अनारसा, असा त्यांचा बेत होता.

फाइलीत शेखरचं पुस्तक होतं. 'गोफण: एका रॉक बँडची बखर'. खामगावच्या छापखान्यात उद्या द्यायचं होतं, आणि जावयाच्या नजरेखालून गेल्याशिवाय या घरातून काही बाहेर जात नसे, मग ते पुस्तक असो की सोयाबीन.

गोफण बँडबद्दल लिहिण्यासारखं किती होतं, हा प्रश्न शेखरला कुणी विचारला नाही. कॉलेजच्या दिवसांत त्यानं एका भंगारवाल्याकडून गिटार आणली. रामनं लग्नातल्या बँडवाल्यांचा मोडीत निघालेला ढोल आणि तेलाचे रिकामे डबे जमवले. दोघांनी मिळून असा धुडगूस घातला, की गल्लीनं हात जोडून त्यांना शेतात पाठवलं. शेत सातपुड्याच्या पायथ्याशी. हरभऱ्याला घाटे धरले की रानडुकरं उतरायची. गोफणची पहिली तालीम झाली आणि डुकरं आठवडाभर फिरकली नाहीत. आदल्या दिवशीच गिटार विहिरीत टाकायची धमकी दिलेल्या शालिग्रामजींनी मग स्वतः होऊन पोरांना अॅम्प्लिफायरसाठी ट्रॅक्टरची बॅटरी काढून दिली. बँडला इतका ठाम प्रतिसाद पुढं माणसांकडून क्वचितच मिळाला.

पुस्तक लिहायला शेखरला फार त्रास झाला नाही. त्रास झाला तो नातेवाइकांत फिरवल्यावर. या घराण्याला छापील कागद म्हटलं की एकच ठाऊक, लग्नपत्रिका. पत्रिकेत नाव नसलं तर माणूस जेवायला येत नाही. तोच कायदा त्यांनी बँडच्या इतिहासाला लावला. साखरखेर्ड्याचे मामा बासरीवर गेले. त्यांच्या हातात कुणी बासरी पाहिली नव्हती, पण त्यांच्या थोरल्या भावाला झांजेवर घेतलं म्हणून ते रुसले होते. एका वारलेल्या काकांना 'कै.' लावून ताशावर बसवावं लागलं. शेवटी 'चिमुकले वादक' अशी ओळ घालून त्याखाली नातवंडं टाकली, ज्यांतलं एकही बँड चालू असताना जन्मलेलं नव्हतं. भाऊराव स्वतः 'सल्लागार व आधारस्तंभ' होते. दोघांचा बँड बघता बघता दिंडीएवढा झाला.

एवढ्या दाटीत एक नाव मात्र नव्हतं. गाणारीचं.

गोफणची सगळी गाणी संजीवनीनं गायली होती. तिचा आवाज तेव्हापासून जाड, खालच्या पट्टीतला, आणि वर चढला की अंगावर काटा आणणारा. पण लग्नाची मुलगी गणपतीच्या स्टेजवर उभी राहून बोंबलते म्हटल्यावर स्थळं कुठून येणार, असं गीताबाईंचं म्हणणं पडलं. म्हणून स्टेजमागं बैलगाडी उभी करायची, तिच्यावर ताडपत्री टाकायची, ताडपत्रीखाली माइक घेऊन संजीवनी, आणि समोर शेखर गिटार घेऊन नुसतं तोंड हलवायचा. पोरगं एवढं किडकिडीत आणि आवाज एवढा भरदार कसा, याचं लोक नवल करत आणि निघून जात.

असंच नवल मोताळ्याच्या गणपतीत भाऊरावांनी केलं होतं. ते तेव्हा मंडळाचे कार्यकर्ते होते. पुढच्याच महिन्यात ते मुलगी बघायला आले, पोह्याची बशी हातात घेतली आणि सगळ्यांसमोर म्हणाले की ज्या घरात शेखरभाऊंसारखा आवाज आहे त्या घरची मुलगी न पाहताच पसंत आहे. शेखर खरं सांगायला सरसावला होता. गीताबाईंनी त्याच्या तोंडात लाडू कोंबला. होणाऱ्या जावयाला बैठकीत खोटं पाडायचं नसतं. पुढं तो झालेला जावई झाला, आणि झालेल्या जावयाला तर मुळीच पाडायचं नसतं.

तेव्हापासून दर दिवाळीला भाऊराव शेखरला म्हणत, एक गाणं होऊ द्या. आणि दर दिवाळीला शेखरचा घसा बसत असे. सर्दी, टॉन्सिल, फटाक्यांचा धूर, एकदा तर गिळलेली माशी. मिठाच्या गुळण्या करून करून त्याला आता खरोखरच खोकला लागला होता.

भाऊरावांचं भागायचं ते कॅसेटवर. गोफणची एकच कॅसेट निघाली होती, आणि तिची शेवटची प्रत त्यांच्या जीपमध्ये होती. रोज सकाळी मोताळ्यातून शेतावर निघताना ते बटण दाबायचे आणि बाजूला बसलेल्या बायकोला सांगायचे, काय आवाज आहे तुझ्या भावाचा. संजीवनी काचेबाहेर बघत बसायची.

आज समीक्षानं फाइल उघडली तेव्हा सगळे पुढे सरकले. बँडचा एकही फोटो नव्हता, कारण मोताळ्याच्या गणपतीत फोटोवाल्यानं रोल न घालताच रात्रभर फ्लॅश उडवला होता. म्हणून शेखरनं पुतणीला चित्रं काढायला सांगितली होती. त्याची अपेक्षा होती की ती त्याला जरा केसबिस देईल. समीक्षानं त्याला नाकतोडा केला होता. हिरवा, लांब तंगड्यांचा, गळ्यात गिटार. रामला तिनं आठ नांग्यांचा खेकडा केला होता आणि प्रत्येक नांगीत डबा बडवायची काठी दिली होती. शालिग्रामजी एक मिशाळ राक्षस होते आणि त्यांच्या पुढ्यात चष्मे लावलेली रानडुकरं रांगेत बसून गाणं ऐकत होती. मुखपृष्ठावर तिनं बखरीच्या नावाखाली स्वतःहून एक ओळ टाकली होती: 'मोठ्या माणसांसाठी सचित्र अद्भुतकथा'.

गीताबाईंनी विचारलं की मोठ्या माणसांना चित्रं कशाला, त्यांना वाचता येत नाही का. समीक्षा म्हणाली, आजी, लहान पोरांना राक्षस खरे वाटतात म्हणून ती भितात, मोठ्यांना ते ओळखीचे वाटतात म्हणून ती हसतात. शालिग्रामजी आपलं चित्र बघून खूश झाले. मिश्या बरोबर आहेत, पण डुकरं चष्मा लावत नाहीत, एवढंच त्यांचं म्हणणं होतं.

भाऊराव बोट ओलं करून एकेक पान उलटत होते. एका पानावर ते थांबले. मोताळ्याच्या स्टेजचं चित्र होतं. समोर नाकतोडा. मागं ताडपत्रीची गाडी, आणि गाडीत एक बाई, गवताच्या केसांची, डोळे मिटलेली, आणि तिच्या उघड्या तोंडातून साळुंक्यांचा थवा निघून आभाळभर पसरलेला.

"कोण हाय ही?" भाऊरावांनी विचारलं.

 सगळे एकदम बोलले. शेखर म्हणाला वनदेवता, राम म्हणाला हडळ, गीताबाई म्हणाल्या गावदेवी असेल. शालिग्रामजींनी तोंड उघडलं आणि त्यात अनारसा गेला.

"अन् नाकतोड्याचं तोंड काऊन बंद हाय? तो तं गाऊन राह्यला ना."

समीक्षा शांतपणे म्हणाली की नाकतोडा तोंडानं गातच नसतो, तो पाय घासतो. भाऊरावांनी बराच वेळ तिच्याकडे पाहिलं आणि मान डोलावली. मग त्यांनी फाइल बाजूला ठेवली आणि ज्याची गीताबाईंना सकाळपासून धास्ती होती ते बोलले.

"यंदा मले वाण नको. चांदीचा दिवा राहू द्या, कपडे राहू द्या. जीपनं कॅसेट खाल्ली, चैत्रातच. तवापासून गाडीत मन लागत नाही. शेखरभाऊ, एक गाणं म्हणा. इथं, माह्यासमोर. मी मोबाइलमध्ये भरून नेतो. तेच माह्यं वाण."

शेखरचा हात आपोआप घशाकडे गेला. पण धोंड्याच्या दिवशी जावयानं मागितलेलं वाण नाकारायचं नसतं, हे त्याला आईच्या नजरेनं तिथल्या तिथं सांगितलं. तो गिटारला तारा लावून आणतो म्हणाला आणि उठला. त्याच्यामागं राम उठला, रामच्या मागं समीक्षा, आणि जावयाला सरबत आणते म्हणून गीताबाईही उठल्या. दिवाणावर जावई आणि खुर्चीत सासरा एवढेच उरले.

स्वयंपाकघरात संजीवनी पुरणाची परात घासत होती. तिला काही सांगावं लागलं नाही. भिंत पातळ होती.

समीक्षाचं मत सरळ होतं: सांगून टाका. रामनं लेकीची बाजू घेतली. त्याची ही बाजू नवी नव्हती, बँडच्या दिवसांपासून त्याला हे सलत होतं. "डबे म्या फोडले, गळा ताईचा, अन् टाळ्या याले," तो म्हणाला. गीताबाईंनी त्याला झिडकारलं. जावई ताटावर बसायचा आहे आणि त्याला सांगायचं की बाबा, तुला लग्नाच्या आधीपासून येडा बनवला? आज? त्यांच्यानं ते होणार नव्हतं. शेखर आईच्या बाजूनं मान हलवत होता. मग त्याला आठवलं की गायचं त्यालाच आहे, आणि त्याची मान मध्येच थांबली. सांगूनच टाकावं, समीक्षा बरोबर म्हणते, असं तो म्हणाला. त्याबरोबर राम फिरला. एवढी वर्षं दुसऱ्याच्या गळ्यावर जगलास, आज स्वतःच्या गळ्यानं गा, आम्ही ऐकतो, असं म्हणून तो जाऊन आईच्या बाजूला उभा राहिला. पाच मिनिटांपूर्वी जे ज्याच्या विरुद्ध होते ते त्याच्या बाजूनं भांडायला लागले, आणि समीक्षा तेवढी एकटी जागच्या जागी राहिली.

"आत्या, तू बोल," ती म्हणाली. "पुस्तकात बासरीवाले मामा हायेत. वारलेले चुलतआजोबा हायेत. तू नाहीस. तुले काहीच वाटत नाही?"

संजीवनीनं परात उपडी ठेवली, हात पुसले.

"सांगू नका त्याइले," ती म्हणाली. "रोज सकाळी जीप सुरू झाली का ते बटण दाबतात अन् म्हणतात, काय आवाज हाय. मी बाजूले बसून ऐकते. त्याइले माहीत नाही, पण ते मले म्हणतात ना. त्याइले कळलं का तो माहा आवाज हाय, तं मंग म्हणतीन का? घरच्या बाईले कोण म्हणते असं? बाबानं कधी आईच्या अनारशाले चांगलं म्हटलं?"

सगळ्यांनी गीताबाईंकडे पाहिलं. त्या म्हणाल्या, चांगले होतात म्हणूनच तर खातात. पण म्हणता म्हणता त्यांनी उगाचच फडकं उचलून ओटा पुसायला घेतला.

"चैत्रापासून गाडीत नुसता हॉर्न वाजते," संजीवनी म्हणाली. "मले करमत नाही."

समीक्षा वाद घालायला पुढं झाली आणि तिनं आत्याकडे पाहिलं. आत्याच्या चेहऱ्यावर तिनं मनात धरलं होतं तसं काही नव्हतं. मार खाल्लेल्या बाईचा चेहरा नव्हता तो. चोरून काहीतरी गोड खाणाऱ्या पोरीचा होता, आणि डबा रिकामा झाल्यामुळे ती कष्टी होती. समीक्षाला वाईट वाटलं आणि हसूही आलं.

तेव्हा ठरलं ते जुनंच. बैलगाडी नव्हती, ताडपत्री नव्हती, पण हॉलच्या खिडकीला बाहेरून कूलर लावलेला होता आणि कूलरमागं मागच्या ओट्यावर एका माणसाला उभं राहता येईल एवढी जागा होती. संजीवनीनं साडी खोचली आणि उन्हात जाऊन उभी राहिली.

हॉलमध्ये भाऊरावांनी मोबाइल खिडकीच्या कट्ट्यावर, कूलरला टेकून ठेवला. इथं गार राहतो, नाहीतर गरम होऊन बंद पडतो, असं ते म्हणाले. शेखर स्टुलावर बसला. केस आता उरले नव्हते, तरी त्यानं मान झटकली. रामनं तेलाचा डबा पायात धरला. शालिग्रामजींनी विचारलं की डुकरं आली का. गीताबाई बशी घेऊन त्यांच्या शेजारी उभ्या राहिल्या.

पहिला सूर गिटारचा लागला, बेसूर. मग राम डब्यावर तुटून पडला. आणि मग खिडकीतून, गार वाऱ्याबरोबर, पंख्याच्या पात्यांनी चिरलेला आवाज आला: धु-धु-धु-ऱ्या-या-या.

"शेखरभाऊ," भाऊराव म्हणाले, "तुमच्या आवाजाले थंडी वाजून राह्यली का?"

समीक्षा उठली आणि लाइट गेली असं म्हणून तिनं कूलरचं बटण बंद केलं. डोक्यावरचा पंखा चालूच होता. त्याबद्दल कुणी काही बोललं नाही. घुरघुर थांबली, खोलीत एकदम शांतता झाली, आणि त्या शांततेत संजीवनीचा आवाज आला.

*धुऱ्यावरच्या बोरी, तुले कोणं लावलं?*
*कोणं नाही लावलं, मीच मले लावलं.*

आवाजाला वय झालं होतं. तो आता जास्तच जाड होता, कडांना खरबरीत, पण वर चढताना अजूनही मागं वळून बघत नव्हता. शेखर तोंड उघडत होता, मिटत होता, कधी वेळेवर, कधी उशिरा. रामनं सुरुवातीला चिडवायला म्हणून डबा बडवला होता. आता त्याच्या हातांना जुनं आठवलं आणि तो मान खाली घालून वाजवायला लागला. त्याला रडू येईलसं वाटत होतं, आणि त्याचा त्याला राग आला होता. गीताबाईंनी हातातला अनारसा स्वतःच खाऊन टाकला. भाऊराव डोळे मिटून बसले होते.

पहिलं कडवं संपलं. रामनं डब्यावर एक फेरी घेतली, शेखरनं तोंड उघडलं, आणि आवाज आला नाही.

रामनं आणखी एक फेरी घेतली. शेखरनं तोंड मिटलं, पुन्हा उघडलं. खिडकीबाहेर संजीवनी भिंतीला टेकून उभी होती आणि तिला पुढची ओळ आठवत नव्हती. इतकी वर्षं रोज ऐकलेलं गाणं. पण ऐकताना तिचं लक्ष कधी शब्दांकडे नसायचं, ते गाणं थांबल्यावर नवरा काय म्हणतो त्याकडे असायचं. घाम तिच्या डोळ्यांत उतरत होता. आता सगळं उघडं पडणार आणि मोबाइलमध्ये फक्त डबा भरला जाणार, असं तिला वाटलं.

दिवाणावरून भाऊराव उठले. शेखरच्या समोरून गेले, त्याच्याकडे न बघता. खिडकीशी वाकले आणि कूलरच्या जाळीला तोंड लावून, भजनात मागच्याला सांगतात तसं हळूच म्हणाले:

"संजू. *तुह्यी बोरं कोणं खाल्ली.*"

डबा थांबला. गिटार आधीच थांबली होती. शेखरचं तोंड मात्र सवयीनं अजून उघडंच होतं.

"मिटा आता, शेखरभाऊ," भाऊराव म्हणाले. "लय दमले तुम्ही."

 बाहेरून आवाज आला, अगदी बारीक, गाण्याचा नव्हे, बोलण्याचा. "तुमाले कवापासून माहीत हाय?"

"लग्न झालं त्याच आठवड्यात. तू चुलीपाशी गुणगुणत होती."

संजीवनी आत आली ती मागच्या दारानं. पदर कूलरच्या पाण्यानं ओला, चेहरा उन्हानं लाल, आणि केसांत कूलरच्या गवताच्या काड्या अडकलेल्या. समीक्षानं फाइलीतल्या चित्राकडे पाहिलं आणि गपकन फाइल मिटली.

मग भाऊरावांनी सांगितलं. सांगताना ते कुणाकडे बघत नव्हते, मोबाइलवरची धूळ पुसत होते. त्यांच्या घरी मायबापासमोर बायकोचं कौतुक करायची रीत नव्हती. भाजी चांगली झाली म्हटलं तरी म्हातारी चार दिवस तोंड फिरवायची. पण मेहुण्याचं कौतुक दिवसभर केलं तरी कुणी हरकत घेत नसे. आणि सासरवाडीनं एवढ्या मेहनतीनं लपवलेली गोष्ट, ती तुम्हाला लपवता आली नाही असं जावयानं कसं म्हणायचं? सुरुवातीला जीपच्या मागच्या सीटवर त्यांचे वडील बसायचे. पुढं वडील गेले, सीट रिकामी झाली, पण तोंडात शेखरचंच नाव बसलं होतं.

"अन् माह्या गुळण्या?" शेखरनं विचारलं.

"त्या मले आवडत होत्या," भाऊराव प्रामाणिकपणे म्हणाले.

राम इतका हसला की डबा पायातून सुटून गडगडत शालिग्रामजींच्या खुर्चीखाली गेला. शालिग्रामजींनी तोंड उघडलं. गीताबाईंच्या हातात आता अनारसा नव्हता, आणि त्यांनी अडवलंही नाही. म्हातारा म्हणाला की त्याला पहिल्यापासून माहीत होतं, डुकरं गिटारला पळायची आणि पोरगी गायला लागली की तीच डुकरं ऐकायला धुऱ्यावर, शेताच्या बांधावर येऊन उभी राहायची, म्हणूनच तो तिला हरभऱ्यात गाऊ देत नव्हता. मग जरा थांबून, बशीकडे बघत, तो म्हणाला की अनारसे चांगले झाले आहेत. गीताबाईंनी अख्खी बशीच त्यांच्या मांडीवर ठेवली. एवढ्या संसारात त्यांना याचं उत्तर काय द्यायचं असतं ते शिकायची वेळच आली नव्हती.

भाऊरावांनी फाइल मागून घेतली. नावांचं पान काढलं, समीक्षाचं पेन घेतलं, 'सल्लागार व आधारस्तंभ' यावर काट मारली आणि पानाच्या अगदी वर, बासरी-झांजेच्या आधी, शेखर-रामच्याही आधी, मोठ्या अक्षरात लिहिलं: आवाज, संजीवनी. बाकी सगळे राहू द्या, ते म्हणाले, नाही तर साखरखेर्ड्याचे मामा जेवणार नाहीत. चित्रातल्या नाकतोड्याला हात लावायचा नाही, तो अगदी बरोबर आहे.

संजीवनीला रडू येत होतं, आणि ते तिनं येऊ दिलं. रोजची सकाळ तिला एकेक करून आठवत होती. काचेबाहेर बघत तिनं चोरून घेतलेली प्रत्येक वाहवा चोरीची नव्हतीच, तिच्याच हातात दिलेली होती. तिनं पदरानं डोळे पुसले, केसांतली काडी काढली. मग तिचा हात मध्येच थांबला.

"थांबा," ती म्हणाली. "मागच्या दिवाळीत, मलकापूरच्या रस्त्यावर, तुम्ही म्हणाले का शेवटच्या गाण्यात शेखर पार घसरला. म्हशीवानी रेकते म्हणाले. ते कोणाले म्हणाले तुम्ही?"

 भाऊरावांनी मोबाइल खिशात घातला, परत काढला. त्यांनी सासूकडे पाहिलं. सासू ताट वाढायला निघून गेली. त्यांनी रामकडे पाहिलं. राम खुर्चीखाली वाकून डबा शोधत होता. शेवटी त्यांनी शेखरकडे पाहिलं, आणि त्या नजरेत एवढ्या वर्षांचं नातं होतं: शेखरभाऊ, बोला काहीतरी.

शेखरनं शांतपणे घशाला हात लावला आणि खुणेनं सांगितलं, आज आवाज बसला आहे.